पुढली बाजू

बाबल घाडीचा फोन आला चिरेखाणीवरून:
"सोमवारी मशीन तेच्यापर्यंत पोचतला.
तुका व्हया तर आज घेवन जा."

तसाच गेलो. सड्यावर, कातळाच्या भेगेत
गुडघाभर अंजनी. वय विचारू नये असं खोड.
पहारीनं नाही, छिन्नीनं सोडवली.
दुपार गेली, दोन नखं गेली.
मुळांना ओलं गोणपाट गुंडाळून
स्कूटरवर पायांशी उभी करून आणली जामसंड्याला.

दोन पावसाळे आंब्याच्या पेटीत.
चिऱ्याचा भुगा, वाळू, मूठभर शेणखत.
पहिल्याच वर्षी तिनं सगळी पानं गाळली.
मी काही बोललो नाही.
मोटारी वाइंड करणाऱ्याला
जळलेल्या गोष्टींसमोर बसायची सवय असते.
मग एका सकाळी जुन्या लाकडावर,
थेट सालीतून, निळं काहीतरी.
काडीच्या गुलाएवढं.

आता मार्गशीर्षात हात लावतोय.
जुन्या पंख्याचं बेअरिंग, त्यावर फरशीचा तुकडा:
झाड फिरतं, मी स्टुलावर बसून राहतो.
तार दुकानातलीच, पाच हॉर्सपॉवरच्या पंपाच्या पोटातली,
शेणीच्या आगीत लाल करून
राखेत निववलेली. मऊ. मुकी.

समुद्राकडची बाजू मेलेली.
खाऱ्या वाऱ्यानं साल केव्हाच सोलून नेली,
उरलं ते सुकवलेल्या मुशीच्या पाठीसारखं पांढुरकं.
दात घासायच्या ब्रशनं साफ केलं.
कोरलं नाही.
वाऱ्याच्या कामाखाली आपली सही कशाला.

पण बुंध्याला, मातीपासून चार बोटं वर,
एक कडं होतं.
साल रुतलेली, फुगलेली, परत सांधलेली.
तार काढायला विसरलं की असंच होतं झाडाला.
सड्यावर कोण तार गुंडाळायला बसलंय?
शेळीचं दावं असेल, म्हटलं. डाग तो डाग.
कडं मागे टाकलं,
फरशीवर खडूनं पुढली बाजू आखली,
आणि खालच्या फांदीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून
दमानं वाकवू लागलो.
अंजनी वाकत नाही. ऐकून घेते,
आणि मग करकरते.

तेवढ्यात खाणीवरची नीलव्वा आली,
चुंबळीवर अर्ध्या हॉर्सपॉवरची जळकी मोटर.
पावती फाडेपर्यंत उंबऱ्यावर टेकली.
झाडाकडे बघितलं. उठली.
गिऱ्हाईक बघतं तसं नाही,
एसटीत गावचं कुणी दिसावं तसं.

"ह्ये आमच्या खाणीवरलं न्हवं?"
आणि हात मागून घालून, न शोधता,
कड्यावर बोट फिरवलं.
"हितं माज्या शिवप्पाला बांदत हुते.
नुकते पाय फुटलेले, आन् म्होरं खड्डा.
एक टोक कमरंला, एक हितं. दोन वरसं."

मी पक्कड खाली ठेवली.
"रडायचा?"
"झाडाला चावायचा," म्हणाली, आणि हसली.
शिवप्पा आता इंडीला, मामाकडे. सातवीत.
गणितात कच्चा.

ती गेल्यावर खडूची रेघ पुसली.
झाड अर्धा फेरा फिरवलं.
पांढरं लाकूड मागे गेलं, तोल बिघडला,
उजवी फांदी डोळ्यांत येते.
प्रदर्शनात जाणते लोक विचारतील,
समोरच व्रण? विचारू देत.
तारेचा वेढा मात्र एक बोट सैल घातला
आणि कॅलेंडरवर, होळीच्या चौकोनात, लिहिलं:
तार काढणे.
त्याच्याखाली: खाणीची मोटर, मंगळवार.

रात्री शटर ओढायच्या आधी
बॅटरी लावून खोडावर दातांच्या खुणा शोधल्या.
खालपासून वरपर्यंत, दोनदा.
एकही नाही.
अंजनीच ती.